उपनगराला आरोग्य अधिकारी परत हवा

१ एप्रिल १९७४ रोजी इंग्लंडने सव्वाशे वर्षांहून जुनं एक पद मोडीत काढलं. मेडिकल ऑफिसर ऑफ हेल्थ, आपल्या नगरपालिकांच्या भाषेत आरोग्य अधिकारी. १८४७ साली लिव्हरपूलने डॉ. विल्यम हेन्री डंकन यांना नेमून या पदाची सुरुवात केली. १८७२च्या कायद्याने देशभरातल्या स्थानिक संस्थांना असा डॉक्टर नेमणं सक्तीचं झालं. मुंबईच्या नगरपालिकेतही १८६५च्या कायद्यानंतर इंग्लंडच्याच नमुन्यावर हे पद आलं आणि ते आजही आहे. ज्या देशाने ते घडवलं त्याने मात्र ते पुसून टाकलं, तेही साथीचे रोग आता संपलेच अशी खात्री वाटू लागल्यावर. तो निर्णय चुकला असं माझं ठाम मत आहे. त्याची किंमत इंग्लंडच्या लोकांनी पुढची पन्नास वर्षं मोजली आहे, आणि त्या पदातलं जे मोलाचं होतं ते आजही परत आणता येण्यासारखं आहे.

मी हे मोठ्या औद्योगिक शहरांबद्दल म्हणत नाही. मँचेस्टर, लिव्हरपूल, पूर्व लंडन यांच्या गलिच्छ वस्त्यांबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे. मला बोलायचं आहे ते लंडनच्या कडेने पसरलेल्या, वरवर पाहता निरोगी दिसणाऱ्या उपनगरांबद्दल: हॅरो, वेम्बली, हेंडन, फिंचली, साउथॉल. ही सगळी तेव्हा मिडलसेक्स कौंटीत, म्हणजे जिल्ह्यात, होती. रेल्वे आली तसतशी शेतं मोडून तिथे जोडघरांच्या रांगा उभ्या राहिल्या. पुढे चिमूटभर बाग, मागे लांबट बाग, आत नळ आणि संडास. १९५१च्या जनगणनेत हॅरोची लोकसंख्या सुमारे २ लाख १९ हजार होती, म्हणजे भरभक्कम शहराएवढी. पण कायद्याने ती १९५४पर्यंत निव्वळ एक अर्बन डिस्ट्रिक्ट, म्हणजे कौंटीच्या हाताखालची स्थानिक संस्था, होती, देशातली सर्वांत मोठी. लंडनची काजळी आणि कोंदट खोल्या मागे टाकून माणसं इथे आली ती मुलांच्या तब्येतीसाठी. रोगराई आपण मागे ठेवून आलो, असा त्यांचा समज होता.

पोलिओने तो समज मोडला. १९४७च्या उन्हाळ्यात इंग्लंड आणि वेल्समध्ये पोलिओच्या जवळपास आठ हजार रुग्णांची नोंद झाली. त्याआधी वर्षाला हजार-दीड हजारांच्या वर आकडा क्वचितच जाई. पोलिओचं वैशिष्ट्य असं की तो स्वच्छ वस्तीला जास्त छळतो. जिथे अस्वच्छता आहे तिथे बाळाला विषाणू पहिल्याच वर्षी, आईकडून आलेली प्रतिकारशक्ती शाबूत असताना गाठतो आणि बहुतेक वेळा काही न करता निघून जातो. जिथे घरं स्वच्छ, नळ शुद्ध, तिथे तीच गाठ पाचव्या, दहाव्या, विसाव्या वर्षी पडते, आणि तेव्हा पाय जातात, कधी श्वास जातो. म्हणजे आईबापांनी मुलांसाठी जे जे चांगलं केलं होतं त्यानेच हा धोका वाढवला होता. अशा वेळी त्यांना घाबरवून चालत नव्हतं आणि थापा मारूनही चालत नव्हतं. कोणीतरी खरं सांगणारं माणूस हवं होतं, आणि ते गावातच होतं.

हा अधिकारी करायचा काय? फॅमिली डॉक्टरला गोवर, घटसर्प, पोलिओ, विषमज्वर अशा ठरावीक रोगांचा संशय आला की त्याने फॉर्म भरून अधिकाऱ्याकडे पाठवायचा. १८८९च्या कायद्यापासून ही पद्धत रुजली होती आणि त्या नोंदीबद्दल डॉक्टरला लहानशी फीही मिळे. फॉर्म आला की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आरोग्य अधिकारी, त्याचा सहायक किंवा सॅनिटरी इन्स्पेक्टर त्या घराचं दार वाजवी. मूल कुठल्या शाळेत, कुठल्या वर्गात? गेल्या तीन आठवड्यांत पोहायला गेलं होतं का? कोणत्या दिवशी? घरी कोण राहायला आलं होतं? वडील खाण्यापिण्याच्या धंद्यात आहेत का? दूध कुठलं घेता? नुकतंच टॉन्सिलचं ऑपरेशन झालंय का? (हा शेवटचा प्रश्न उगाच नव्हता. साथीच्या दिवसांत टॉन्सिल काढले तर पोलिओचा सर्वांत घातक प्रकार होण्याचा धोका वाढतो हे तोवर लक्षात आलं होतं.) मग भावंडांना काही दिवस शाळेत पाठवायचं नाही असं सांगायचं, मुलाला साथरोग रुग्णालयात हलवायचं, शाळेच्या हेडमास्तरांना कळवायचं, आणि वर्षअखेर हे सगळं एका छापील अहवालात मांडायचं.

ते अहवाल आज वाचायला मिळतात. एकट्या लंडन परिसराचे, १८४८ ते १९७२ या काळातले साडेपाच हजारांवर अहवाल वेलकम ग्रंथालयाने सर्वांसाठी खुले केले आहेत. कोणत्याही उपनगराचा पन्नाशीच्या दशकातला एखादा अहवाल उघडा. सुरुवातीला लोकसंख्या, जन्म, मृत्यू, बालमृत्यू. मग संसर्गजन्य रोगांचा तक्ता, वयोगटाप्रमाणे. मग घरांची पाहणी, गटारं, उंदीर, दुधाचे नमुने, आइस्क्रीमचे नमुने, खाटकांची दुकानं. मधूनच एखादा तिखट परिच्छेद. त्या वर्षांत ‘सॉने’ नावाच्या जंतूंची हगवण बालवर्गांत फार पसरली होती, आणि तिच्याबद्दलच्या तक्रारी तर एका साच्यातल्या वाटाव्यात इतक्या सारख्या: संडास मैदानापलीकडे, हात धुवायला गरम पाणी नाही, सगळ्या मुलांना रोलरवर लावलेला एकच टॉवेल. डॉक्टर लिहितो की औषधाने ही साथ थांबणार नाही, बेसिन बसवा. हे वाक्य शिक्षण समितीला झोंबणारं आहे, पैसे मागणारं आहे, आणि ते छापून नगरसेवकांच्या, वार्ताहरांच्या आणि मंत्रालयाच्या हातात पडणार आहे. तरी तो लिहितो.

तो लिहू शकत होता, कारण कायदा त्याच्या पाठीशी होता. १९२१च्या एका कायद्याने आरोग्य अधिकारी आणि सॅनिटरी इन्स्पेक्टर यांना मंत्र्याच्या संमतीशिवाय काढून टाकण्याची सोय स्थानिक संस्थांकडून काढून घेतली होती. घरमालक, डेअरीवाले, बिल्डर हेच अनेकदा नगरसेवक असत आणि त्यांच्याच गोठ्यावर, त्यांच्याच चाळीवर नोटीस लावायची असे. पगार देणाऱ्याला अप्रिय असं सांगायचं आणि नोकरीही टिकवायची, ही सोय कोणाच्या सज्जनपणावर सोडलेली नव्हती, ती कायद्यात लिहिलेली होती. या पदाचं मर्म मला इथे दिसतं. गावातला एक डॉक्टर, सगळी माहिती आधी त्याच्याकडे, आणि वर्षातून एकदा सगळ्यांसमोर खरं सांगायची त्याच्यावर सक्ती.

१९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा आली तेव्हा या पदाचे पंख छाटले गेले. रुग्णालयं प्रादेशिक मंडळांकडे गेली. लसीकरण, हेल्थ व्हिजिटर (घरोघर जाणाऱ्या परिचारिका), बाळंतिणींची केंद्रं कौंटीकडे गेली. डिस्ट्रिक्टकडे उरलं ते रोगांची नोंद, घरं, अन्न आणि सांडपाणी. मिडलसेक्समध्ये एक शहाणपणाची तडजोड झाली: कौंटीने आपले विभाग पाडले आणि अनेक ठिकाणी डिस्ट्रिक्टच्याच अधिकाऱ्याकडे कौंटीचंही काम सोपवलं. त्यामुळे टोचणी करणारा आणि रोग मोजणारा डॉक्टर एकच राहिला. ही गोष्ट कागदावर किरकोळ दिसते. १९४९-५०मध्ये तिचं मोल कळलं.

त्या वर्षीच्या पोलिओच्या साथीत काही डॉक्टरांच्या लक्षात एक अस्वस्थ करणारी गोष्ट आली. ज्या लहान मुलांना घटसर्पाची किंवा डांग्या खोकल्याची लस नुकतीच टोचली होती, त्यांच्यापैकी काहींना पोलिओ झाला आणि लुळेपणा नेमका टोचलेल्याच हातात किंवा पायात आला. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या साथीत बर्ट्राम मॅक्लॉस्की यांनी हे पाहिलं. लंडनमध्ये सेंट पँक्रसचे आरोग्य अधिकारी डेनिस गेफन यांनी आजूबाजूच्या भागांतल्या नोंदी जमवून, टोचल्यानंतर चार आठवड्यांच्या आत लुळ्या पडलेल्या मुलांची माहिती १९५० साली छापली. त्याच वर्षी ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल आणि नोएल्डन या संख्याशास्त्राच्या अभ्यासकांनी इंग्लंड-वेल्समधल्या नोंदी तपासून तोच निष्कर्ष काढला: धोका खरा आहे, पण तो पोलिओची साथ चालू असतानाच, आणि टोचल्यानंतरच्या महिनाभरापुरता.

लसीकरणाचा प्रचार करणारी यंत्रणाच लसीकरणातला धोका शोधून काढते आणि उघड छापते. त्या धोक्याचा पत्ता लागला कारण एका टेबलावर दोन्ही रजिस्टरं होती, कोणाला कधी टोचलं याचं आणि कोण कधी आजारी पडलं याचं. ती दोन वेगळ्या खात्यांत, दोन वेगळ्या इमारतींत असती तर ही जोड कोणी किती वर्षांनी घातली असती कोण जाणे. मग उपाय काय केला? टोचणी बंद केली नाही. जिथे पोलिओ पसरलाय तिथे उन्हाळ्याच्या महिन्यांत ती थांबवली, थंडीत पुन्हा सुरू केली, आणि आयांना कारण सांगितलं. त्या बातम्यांनी घटसर्पाच्या टोचणीचे आकडे काही काळ खालीही आले. पण विश्वास मोडला नाही. ब्रिटनमध्ये १९४० साली घटसर्पाचे ६१ हजारांवर रुग्ण आणि ३,२८३ मृत्यू झाले होते. १९५७ साली रुग्ण ३८ आणि मृत्यू ६. मधल्या काळात हा सगळा गोंधळ होऊनसुद्धा.

आता याच्या शेजारी १९७४ ठेवून पाहू. जानेवारीत लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट बालरुग्णालयातल्या डॉक्टरांनी डांग्या खोकल्याच्या लशीनंतर मेंदूचे विकार झालेल्या ३६ मुलांची माहिती प्रसिद्ध केली. वर्तमानपत्रं आणि टेलिव्हिजनने ती उचलली. एप्रिलमध्ये आरोग्य अधिकाऱ्याचं पद संपलं आणि त्याच्या जागी कम्युनिटी फिजिशियन नावाचा आरोग्य सेवेच्या प्रशासनातला डॉक्टर आला, ज्याला गावात कोणी ओळखत नव्हतं. लसीकरण सुमारे ८० टक्क्यांवरून तीस टक्क्यांच्या आसपास कोसळलं. १९७७ ते ७९ आणि पुन्हा १९८१ ते ८३ डांग्या खोकल्याच्या मोठ्या साथी आल्या. पहिल्या साथीत एक लाखावर रुग्णांची नोंद झाली. लशीमुळे मेंदूला कायमची इजा होते हे पुढच्या तपासांत सिद्ध झालं नाही. पद रद्द झालं म्हणूनच लसीकरण कोसळलं असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांमध्येच तेव्हा मतभेद होते, आणि टेलिव्हिजन १९५० साली घरोघरी नव्हता. पण शंका घेऊन आलेल्या आईला उत्तर द्यायला ज्याच्याकडे आपल्या गावचे आकडे आहेत असा माणूस नेमक्या त्याच वर्षी दिसेनासा झाला, हे मला नजरेआड करता येत नाही.

लोकांचा भित्रेपणा किंवा अडाणीपणा हे याचं कारण नव्हे, हेही सांगायला हवं. १९५६ साली पोलिओची लस आली तेव्हा लहान मुलांच्या आईबापांनी नावं नोंदवली, पण १९५८च्या शरदात ती पंधरा ते पंचवीस वयाच्या तरुणांना खुली केली तर फारसं कोणी फिरकेना. ४ एप्रिल १९५९ रोजी बर्मिंगहॅम सिटीचा आणि इंग्लंडचा फुटबॉलपटू जेफ हॉल पोलिओने गेला, वय २९. त्यानंतर दवाखान्यांपुढे तरुणांच्या रांगा लागल्या. भावनेची लाट अशीच येते, ती कोणी ठरवून आणू शकत नाही. पण त्या आठवड्यात रात्रीची केंद्रं उघडायला, शाळा-कारखान्यांत सुया घेऊन जायला माणसं तयार होती. ती गावोगावच्या आरोग्य खात्याची माणसं होती.

या अधिकाऱ्यांना मी देव्हाऱ्यात बसवत नाही. युद्धाआधीची १९३७ची क्रॉयडनची कहाणी फार बोलकी आहे. लंडनच्या दक्षिणेचं हे सुखवस्तू उपनगर. अ‍ॅडिंग्टनच्या विहिरीत दुरुस्तीचं काम चालू होतं, खाली उतरणाऱ्या कामगारांत एक जण विषमज्वराचा वाहक होता, आणि त्याच काळात त्या पाण्याचं गाळणं आणि क्लोरीन घालणं बंद होतं. ४३ माणसं मेली. चौकशीत निघालं की अभियंता आणि आरोग्य अधिकारी यांच्यात नीट बोलणंच नव्हतं; विहिरीत काम चालू आहे हे आरोग्य अधिकाऱ्याला माहीतच नव्हतं. म्हणजे पद असून भागत नाही, माहिती त्याच्यापर्यंत पोचावी लागते. हीच गोष्ट वरच्या पातळीवरही खरी ठरली. १९६३ साली हार्लो या नव्याने वसवलेल्या गावात, तसंच साउथ शील्ड्स आणि बेडफर्डमध्ये विषमज्वराच्या छोट्या साथी आल्या. स्थानिक तपासाचा माग दक्षिण अमेरिकेतून आलेल्या कॉर्न्ड बीफच्या डब्यांपर्यंत गेला. कारखान्यात डबे थंड करायला क्लोरीन न घातलेलं नदीचं पाणी वापरत होते. गावांनी आपलं काम चोख केलं होतं. संशयित साठे सगळे मागे घ्यायचं काम मंत्रालयाचं होतं, ते झालं नाही. १९६४मध्ये स्कॉटलंडच्या अ‍ॅबरडीनला तशाच डब्यांमुळे विषमज्वराने चारशेवर माणसं रुग्णालयात गेली, आणि चौकशी समितीने मंत्रालयाला दोष दिला. दहा वर्षांनी रद्द झालं ते गावातलं पद.

विरोधी बाजू मला ठाऊक आहे आणि तिच्यात तथ्य आहे. पहिला आक्षेप थॉमस मक्यून यांच्या वाटेने येतो. बर्मिंगहॅमच्या या प्राध्यापकांनी दाखवून दिलं की क्षयासारख्या रोगांचे मृत्यू औषधं आणि लशी येण्याच्या कितीतरी आधीपासून घटत होते. त्यांच्या मते मुख्य श्रेय सुधारलेल्या अन्नाचं. मग आरोग्य अधिकाऱ्यांनी केलं काय? मला उलट वाटतं की हा आक्षेप माझ्याच बाजूने बोलतो. औषधाआधी मृत्यू घटले असतील तर घर, पाणी, दूध, गर्दी यांना महत्त्व आहे, आणि तेच तर त्या खात्याचं रोजचं काम होतं. दूध उकळून, पाश्चराइझ करून विकायला लावण्यासाठी वर्षानुवर्षं भांडले ते हेच लोक, शेतकरी-डेअरीवाल्यांचा रोष पत्करून.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. पन्नाशी-साठीच्या दशकांत यांतले बरेच अधिकारी प्रशासनात बुडाले. रुग्णवाहिका, घरकामाच्या मदतनिशी, केंद्रांच्या इमारती यांचा कारभार करताना गावाच्या आरोग्यावर नजर ठेवायचं मूळ काम मागे पडलं. रुग्णालयांशी, फॅमिली डॉक्टरांशी मानापमानाची भांडणं झाली. साथरोग रुग्णालयांतल्या वागणुकीबद्दल तर आजही वाचवत नाही: आठवडेच्या आठवडे मूल आत, आणि आईने खिडकीच्या काचेतून पाहायचं. तशी सक्ती परत यावी असं कोणीही म्हणणार नाही, मीही नाही.

तिसरा आक्षेप आपल्या लोकांशी निगडित आहे. साउथॉलमध्ये पंजाबी कुटुंबं आली, लंडनच्या पश्चिम-वायव्य भागात भारतीय उपखंडातून माणसं येत राहिली, आणि क्षयाच्या तक्त्यात ‘स्थलांतरित’ असा वेगळा रकाना उघडला. डिसेंबर १९६१मध्ये कराचीहून आलेल्या एका मुलीपासून ब्रॅडफर्डमध्ये देवीची साथ सुरू झाली. १४ जणांना लागण झाली, ६ जण गेले. तो काळ संसदेत स्थलांतराच्या कायद्यावर चर्चा चालू असण्याचा. रोगाचं निमित्त करून माणसांना बाहेर ठेवायची मागणी उघड होऊ लागली. अहवालांतही काही ठिकाणी असा सूर आहे की रोग ‘त्यांनी’ आणला. आठ-दहा माणसांनी एका घरात पाळीपाळीने झोपायचं, कारण दुसरं घर भाड्याने कोणी देत नाही, आणि मग त्या गर्दीत क्षय वाढला की दोष त्यांनाच, हे अन्यायाचं होतं. पण याच प्रश्नावर दोन वाटा समोर होत्या. एक, विमानतळावर छातीचे एक्स-रे काढून माणसं परत पाठवायची. दुसरी, १९६५पासून अवलंबलेली: आलेल्या माणसाचा पत्ता तो जिथे राहणार तिथल्या आरोग्य अधिकाऱ्याला कळवायचा, त्याने घरी कोणाला तरी पाठवून फॅमिली डॉक्टरकडे नाव घालायला सांगायचं, गरज असेल तर तपासणी करायची. दुसऱ्या वाटेत माणूस शेजारी म्हणून गृहीत धरलेला आहे. ती सगळीकडे नीट चालली नाही. पत्ते चुकीचे निघत, माणसं घर बदलून गेलेली असत. तरी क्षयावर इलाज याच वाटेने होतो. बहुतेकांचा क्षय विमानतळावर दिसत नाही, तो इथे आल्यावर काही वर्षांनी डोकं वर काढतो. तेव्हा दार वाजवणारं कोणी असावं लागतं.

पद गेल्यावर काय झालं ते थोडक्यात सांगते. १९८४ साली वेकफील्डच्या स्टॅन्ले रॉइड रुग्णालयात साल्मोनेला पसरून १९ रुग्ण दगावले. १९८५ साली स्टॅफर्डमध्ये लीजनेअर रोगाने (एक प्रकारचा न्यूमोनिया) २८. सरकारने अ‍ॅचिसन समिती नेमली. १९८८च्या तिच्या अहवालातून दिसलं की संसर्गजन्य रोगांची जबाबदारी नेमकी कोणाची हेच १९७४नंतर धूसर झालं होतं. मग सार्वजनिक आरोग्य संचालक हे पद निर्माण झालं, २०१३ साली ते आरोग्य सेवेतून काढून पुन्हा स्थानिक कौन्सिलांकडे आणलं गेलं. म्हणजे चाळीस वर्षांनी गाडी जवळपास मूळ जागी आली, फक्त पैसे आणि माणसं कमी घेऊन.

आणि मग कोविड. मे २०२०मध्ये केंद्राने संपर्क शोधण्याची अवाढव्य योजना उभी केली, दोन वर्षांसाठी ३७ अब्ज पौंडांपर्यंतची तरतूद. कॉल सेंटरमधून फोन जात. लेस्टरवर जूनअखेर स्थानिक टाळेबंदी लादली, पण कुठल्या पोस्टकोडात किती रुग्ण आहेत याचे व्यापारी प्रयोगशाळांमधले तपशील शहराच्या अधिकाऱ्यांना आठवडेच्या आठवडे मिळाले नव्हते. ऑगस्टमध्ये ब्लॅकबर्न विथ डारवेनने, फोनवर सापडत नाहीत अशा लोकांना शोधायला स्वतःची माणसं लावली, फोन उचलला नाही तर दारात पाठवली. हॅरो किंवा हेंडनमधल्या १९५०च्या सॅनिटरी इन्स्पेक्टरला यात नवं काही वाटलं नसतं.

२०२२च्या फेब्रुवारी ते जूनमध्ये लंडनच्या बेक्टन केंद्रातल्या सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडला, लशीपासून उद्भवलेल्या प्रकारचा. मग ज्या बरोंमध्ये (लंडनच्या स्थानिक कौन्सिलांच्या हद्दींत) त्याचे अंश मिळाले त्यांत बार्नेट आणि ब्रेंट ही नावंही आली, म्हणजे जुने हेंडन, फिंचली, वेम्बली, विल्झडन. लंडनमधल्या बाळांचं लसीकरण तेव्हा सुमारे ८७ टक्के होतं, काही भागांत त्याहून कमी. ऑगस्टमध्ये एक ते नऊ वर्षांच्या सर्व लंडनकर मुलांना जादा डोस द्यायचं ठरलं. वायव्य लंडनमधल्या ओळखीच्या मराठी घरांत ते निरोप आले तेव्हा एकच प्रश्न विचारला जात होता: पुण्यात, नाशकात झालेले पोलिओचे डोस इथे कोणी मोजलेत का, का आमची मुलं ‘न टोचलेली’ म्हणून धरलीत? प्रश्न अगदी रास्त होता. विचारायचं कोणाला हे मात्र कोणालाच सांगता येईना. फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्याच्या फोनवर रांग, वेबसाइटवर सर्वसाधारण माहिती. आपल्या बरोचा सार्वजनिक आरोग्य संचालक कोण, हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

मला हवंय ते फार महाग नाही. आजच्या संचालकांनाही कायद्याने वार्षिक अहवाल लिहावा लागतो, पण तो बहुधा एखाद्या विषयावरची आकर्षक पुस्तिका असतो: एका वर्षी एकटेपणा, एका वर्षी लठ्ठपणा. विषय चांगलेच आहेत. त्यांच्याबरोबर दर वर्षी वॉर्डवार तक्ता छापा: गोवर, डांग्या खोकला, क्षय, अन्नातून विषबाधा, प्रत्येक लशीचं प्रमाण, आणि कुठल्या शाळेत, कुठल्या इमारतींत काय कमी आहे याचं स्पष्ट मत. सांडपाण्याच्या चाचणीचा निकाल आणि प्रयोगशाळांच्या नोंदी केंद्राला मिळतात त्याच दिवशी बरोला मिळाव्यात. प्रत्येक बरोत दार वाजवू शकणारी, तिथल्या भाषा बोलणारी पगारी माणसं हवीत, साथ नसतानाही. आणि एक कायद्याची दुरुस्ती. १९२१च्या कायद्यात अधिकाऱ्याला काढायला मंत्र्याची संमती लागे. आजच्या कायद्यात कौन्सिलने संचालकाला काढण्यापूर्वी मंत्र्याचा फक्त सल्ला घ्यायचा, तो मानायचं बंधन नाही. ज्याला आपल्याच कौन्सिलच्या भाड्याच्या घरांतली ओल आणि आपल्याच शाळांतले संडास यांच्याबद्दल छापील लिहायचं आहे, त्याला एवढं संरक्षण पुरत नाही. त्या कलमात पुन्हा संमती घाला.